एडविन आर्मस्ट्राँग

एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग (१८ डिसेंबर १८९० – ३१ जानेवारी १९५४) हे अमेरिकन विद्युत अभियंते व संशोधक होते. पुनर्निवेशी परिपथ, सुपरहेटरोडाइन ग्राही आणि विस्तृत पट्ट्याचे एफ.एम. प्रसारण हे त्यांचे प्रमुख शोध होत.

== प्रारंभिक जीवन ==
आर्मस्ट्राँग यांचा जन्म न्यू यॉर्क शहरात झाला. त्यांचे बालपण याँकर्स येथे गेले. तेथील घराच्या आवारात त्यांनी स्वतः उंच अँटेना उभारला होता. कोलंबिया विद्यापीठात मायकेल प्युपिन यांच्या मार्गदर्शनाखाली शिकत असताना, १९१२ मध्ये, त्यांनी पुनर्निवेशी परिपथ शोधला. निर्वात नलिकेतून बाहेर पडणाऱ्या संकेताचा काही अंश पुन्हा आत दिल्याने क्षीण संकेत अनेक पटींनी वाढत असे. १९१३ मध्ये त्यांनी पदवी मिळवली व १९१४ मध्ये त्यांना या शोधाचे पेटंट मिळाले.

== सुपरहेटरोडाइन ग्राही ==
पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्याच्या सिग्नल कोअरमध्ये पॅरिस येथे असताना त्यांनी १९१८ मध्ये ही पद्धत विकसित केली. तीत येणारा संकेत स्थानिक दोलकाच्या संकेताशी मिसळून एका ठरावीक मध्यम वारंवारतेवर आणला जातो व तेथे त्याचे वर्धन होते. तथापि दोलकाच्या दोन्ही बाजूंना समान अंतरावर असलेल्या दोन वारंवारता त्याच मध्यम वारंवारतेवर येतात. नको असलेल्या वारंवारतेला प्रतिमा वारंवारता म्हणतात.

== एफ.एम. आणि न्यायालयीन लढे ==
पुनर्निवेशी परिपथाच्या श्रेयावरून ली डी फॉरेस्ट यांच्याशी त्यांचा प्रदीर्घ वाद झाला. १९३४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने डी फॉरेस्ट यांच्या बाजूने निकाल दिला. त्यानंतर आर्मस्ट्राँग यांनी रेडिओ अभियंत्यांच्या संस्थेचे सन्मानपदक परत करू पाहिले, परंतु संस्थेने ते स्वीकारले नाही.

वीज व यंत्रांमुळे होणारी खरखर मुख्यतः संकेताच्या तीव्रतेत बदल घडवते. म्हणून आर्मस्ट्राँग यांनी ध्वनी तीव्रतेऐवजी वारंवारतेच्या बदलात साठवला. १९३३ मध्ये त्यांना याची पेटंट मिळाली. पुढे न्यू जर्सीतील अल्पाइन येथे त्यांनी स्वतःचे एफ.एम. केंद्र उभारले. १९४५ मध्ये एफ.एम.साठीचा पट्टा ४२–५० मेगाहर्ट्झवरून ८८–१०८ मेगाहर्ट्झकडे हलवण्यात आल्याने जुने ग्राही व प्रक्षेपक निरुपयोगी झाले. १९४८ मध्ये त्यांनी आर.सी.ए. कंपनीविरुद्ध पेटंटभंगाचा दावा दाखल केला.

== मृत्यू ==
खटल्यांमुळे त्यांची संपत्ती व प्रकृती खालावली. ३१ जानेवारी १९५४ रोजी न्यू यॉर्क येथे त्यांनी आत्महत्या केली. त्यांच्या पत्नी मॅरियन यांनी खटले पुढे चालवले. आर.सी.ए.ने त्याच वर्षी तडजोड केली, तर मोटोरोलाविरुद्धचा अखेरचा खटला १९६७ मध्ये त्यांच्या बाजूने संपला.

== वारसा ==
संकेत दोलकाशी मिसळून खालच्या वारंवारतेवर आणण्याचे तत्त्व आजच्या मोबाइल व वाय-फाय चिपमध्येही वापरले जाते. अशा अनेक चिपमध्ये संकेत ९० अंशांच्या कलांतराने दोन मार्गांत विभागला जातो. त्या मार्गांचे वर्धन असमान असल्यास किंवा कलांतर चुकल्यास प्रतिमा संकेत पुन्हा डोकावतो. त्यामुळे चाचणी-संकेत पाठवून दोष मोजला जातो आणि अंकीय गणिताने तो दुरुस्त केला जातो.