हत्यारे आधी, ट्रक मागून

वर्तकनगरच्या नाक्यावर रविवारी सकाळी दोन प्रकारची माणसे दिसतात. काही पोखरण रस्त्याने उपवनच्या तळ्याकडे फिरायला निघालेली असतात, तर काही वागळे इस्टेटच्या बाजूला, गॅरेजांच्या वाटेने वळतात. मी एरवी पहिल्या जातीचा. पण एका रविवारी पाय दुसरीकडे वळले, कारण तिकडून घणाचे ठोके ऐकू येत होते आणि आमच्या घरात लहानपणापासून मला तेवढ्या एका आवाजाचे वेड असल्याचे सगळे जाणून आहेत.

गॅरेजसमोर पाण्याचा एक जुना टँकर उभा होता. लांब नाकाचा, टाटांचा १२१०. त्याच्या पोटातले इंजिन चेनपुलीने बाहेर काढून लाकडी ओंडक्यांवर ठेवले होते. पांढऱ्या मिशांचे मिस्त्री ब्लॉकमधल्या सहा भोकांत एकामागून एक बोट घालत आणि नखाने वरच्या कडेशी काही चाचपत. मी कुतूहलाने वाकलो, तर त्यांनी माझेच बोट आत घालायला लावले. कडेच्या थोडे खाली एक बारीकशी पायरी नखाला लागली. पिस्टनची वरची रिंग जिथे पोहोचून उलट फिरते, तिथून खाली लोखंड झिजलेले, वरचा न झिजलेला भाग तसाच राहिलेला. लाखो किलोमीटरचा हिशेब त्या पायरीत होता.

या इंजिनाला गॅरेजात सगळे ६९२ म्हणतात. नाव सरळ आहे : सिलिंडर ६, बोअर ९२ मिलिमीटर. पुढे आले ते ६९७, म्हणजे बोअर ९७. आणि या घराण्याचा मूळ पुरुष जर्मनीचा, ओएम ३१२, त्याचा बोअर ९०. नव्वदावरून ब्याण्णव आणि ब्याण्णववरून सत्त्याण्णव हा जो प्रवास झाला, त्यामागे एका मराठी माणसाचे चाळीस वर्षांचे आयुष्य उभे आहे. सुमंत मुळगावकर. आजच्या तरुण वाचकांना हे नाव एका गाडीमुळे माहीत असेल. १९९४ साली आलेली आणि २०१९ पर्यंत रस्त्यावर विकली गेलेली सुमो ही त्यांच्या नावाच्या व आडनावाच्या पहिल्या अक्षरांवरून बेतलेली. पण ती गाडी आली तेव्हा मुळगावकर जाऊन पाच वर्षे झाली होती. त्यांचे खरे स्मारक सुमो नव्हे, असे मला त्या गॅरेजात वाटले.

मुळगावकरांचा जन्म ५ मार्च १९०६चा, मुंबईतला. अभियांत्रिकीचे शिक्षण लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात झाले. परत आले तो काळ मोठा वाईट होता. जगभर मंदी, आणि इथे हिंदी अभियंत्याला मोठ्या कारखान्यात विचारतो कोण? ते सिमेंटच्या धंद्यात शिरले आणि पुढे असोसिएटेड सिमेंट कंपनीत वर चढत गेले. दुसरे महायुद्ध आले, परदेशातून येणारी यंत्रे थांबली, तेव्हा सिमेंट कारखान्याची यंत्रसामग्री इथेच घडवण्याच्या कामात ते पडले. पुढच्या सगळ्या आयुष्याचे बीज मला इथे दिसते. यंत्र विकत आणणारा माणूस आणि यंत्र करणारे यंत्र घडवणारा माणूस यांत जमीनअस्मानाचा फरक आहे, हे त्यांना ऐन तिशीत हाताने कळले.

१९४९ साली ते टेल्कोत आले. जमशेदपूरचा हा कारखाना १९४५ साली निघाला तो रेल्वेची वाफेची इंजिने बांधण्यासाठी. गिऱ्हाईक एकच, रेल्वे. अशा धंद्यात कारखानदार गिऱ्हाइकाच्या मुठीत राहतो. दुसरा माल शोधणे भाग होते. सरकारी धोरणही त्याच सुमारास बदलले. १९५३ साली टॅरिफ कमिशनने शिफारस केली, की नुसते परदेशी सुटे भाग जोडून मोटारी विकणाऱ्यांना इथे जागा नको, जो इथे भाग बनवील त्यालाच परवाना. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. १९५४ साली टेल्कोने जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि करारानंतर अवघ्या सहा महिन्यांत पहिली मालमोटार जमशेदपूरच्या दारातून बाहेर पडली. तिच्या तोंडावर मर्सिडिजचा तीन पाकळ्यांचा तारा होता आणि पोटात ओएम ३१२.

पंधरा वर्षे हा भाग, मग तो भाग, असे करत सगळा ट्रक इथे बनू लागला. १९६९ साली करार संपला, तारा उतरला आणि त्या जागी टाटांचे ‘टी’ चिन्ह आले. जुन्या ट्रकवाल्यांच्या तोंडी मात्र मर्सिडिज हे नाव पुढे कितीतरी वर्षे राहिले. अजूनही एखादे म्हातारे ड्रायव्हर तेच म्हणतात.

पण मला सांगायचे आहे ते पुण्याचे. १९६६च्या सुमारास पिंपरीच्या उजाड माळावर टेल्कोने दुसरा कारखाना मांडला. कोणालाही वाटेल की आधी ट्रकची जोडणी सुरू करावी, पैसा खेळू द्यावा. मागणी तर अशी होती, की नोंदणी करून लोक ताटकळत. मुळगावकरांनी उलटे केले. आधी यंत्रहत्यारे बनवणारा विभाग. मग पत्रा दाबायचे साचे आणि डाय बनवणारी टूल रूम. जोडीला संशोधन केंद्र आणि पोरांना हातात कानस देऊन शिकवणारी शिकाऊ शाळा. शिवाय झाडे आणि तळे! कारखान्याच्या भिंती उठण्याबरोबर त्या माळावर हजारो झाडे लागली, पाणी अडवून तळे झाले आणि पाखरे आली. पुण्यातला पहिला ट्रक बाहेर पडला तो १९७७ साली. म्हणजे तब्बल दहा-अकरा वर्षे हा माणूस हत्यारे, माणसे आणि झाडे वाढवत बसला होता. जे. आर. डी. टाटांसारखा पाठीराखा नसता तर कोणत्या संचालक मंडळाने हे चालू दिले असते, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

आता हे सगळे आमच्या वर्तकनगरच्या टँकरशी कसे जुळते? त्यासाठी पुन्हा मिस्त्रींकडे जाऊ.

इंजिनाचे ‘फुल काम’ म्हणजे काय, ते त्यांनी मला तीन रविवार दाखवले. झिजलेल्या बोअरमध्ये नवी स्लीव्ह दाबून बसवायची आणि बोअर पुन्हा मूळ मापावर आणायचा. क्रँकशाफ्ट ग्राइंडिंगला पाठवायचा. त्याचे गोल भाग जिथे बेअरिंगात फिरतात तिथे ओरखडे पडलेले असतात. ते घासून पाव मिलिमीटरने बारीक करतात आणि तेवढेच जाड बेअरिंग घालतात. पुढच्या वेळी अर्धा, मग पाऊण, शेवटी एक मिलिमीटर. गॅरेजच्या भाषेत दहा, वीस, तीस, चाळीस. ही इंचाच्या हजाराव्या भागांची जुनी मोजणी, मिलिमीटर आले तरी जिभेवरून गेली नाही. या टँकरचा क्रँक वीसवर होता, तो तीसवर गेला. म्हणजे त्याचे अजून एक आयुष्य शिल्लक आहे.

सगळ्यांत नाजूक काम डिझेल पंपाचे. पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगी लागते, याला लागत नाही. हवा इतकी दाबली जाते की तापून लाल होते आणि त्या तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलची फवार सुटते, ती आपोआप पेटते. सहा सिलिंडरांना नेमक्या क्षणी, नेमके तेवढेच थेंब पोहोचवायचे काम पंपाचे. त्यातला दट्ट्या आणि नळी यांच्यामधली फट मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातल्या दोन-तीन भागांएवढी. ही जोडी घासून एकमेकांसाठीच बनवलेली असते, एकाचा दट्ट्या दुसऱ्याच्या नळीत चालत नाही. म्हणून पंपाचे काम मिस्त्री स्वतः करत नाहीत. ते बंद, धूळ नसलेल्या खोलीत, चाचणीच्या यंत्रावर करून आणतात. पंप बिघडला की गाडी काळा धूर ओकते. निळा धूर म्हणजे रिंगा गेल्या, तेल जळते आहे. पांढरा, तोही इंजिन तापल्यावर, म्हणजे डिझेल न जळता बाहेर येते आहे किंवा पाणी आत शिरले आहे. धुराच्या रंगावरून रोग सांगणारे हे वैद्य!

त्या दिवशी नव्या बेअरिंगांची पेटी फोडली गेली आणि मिस्त्रींनी एकेक पाकळी तिच्या घरात दाबली. टच् असा आवाज आला आणि ती बसली. कानस नाही, ठोकाठोक नाही. चाळीस वर्षांपूर्वी ओतलेला ब्लॉक आणि गेल्या महिन्यात कुठल्यातरी दुसऱ्याच कारखान्यात बनलेले बेअरिंग. यांची गाठ पडते, कारण कोणीतरी कधीतरी माप पक्के धरून ठेवले होते. हजारावा ब्लॉक पहिल्यासारखा निघावा म्हणून आधी गेज, साचे, हत्यारे आणि ती धरणारे हात तयार करावे लागतात. मुळगावकर जी दहा वर्षे पिंपरीच्या माळावर थांबले, ती मला त्या ‘टच्’ मध्ये ऐकू आली.

त्यांच्यावर आंधळी भक्ती करण्याचे मात्र कारण नाही. गिऱ्हाईक रांगेत उभे असले की कारखानदार ड्रायव्हरकडे फारसे बघत नाही. त्या काळच्या ट्रकला कारखान्यातून केबिनच येत नसे. चेसिस न्यायचे आणि लाकडाची केबिन बाहेरून ठोकून घ्यायची. मांडीला इंजिनाची धग, कानात त्याचा गजर, आणि असा माणूस रात्रभर घाट चढणार. मुळगावकर दुपारी गुपचूप ढाब्यावर जाऊन ट्रकवाल्यांशी त्यांच्या अडचणी बोलत, अशी एक आख्यायिका सांगितली जाते. ती आख्यायिका म्हणूनच घ्यावी. ढाब्यावर गाऱ्हाणी ऐकली गेली असतील, तर केबिनच्या बाबतीत त्यांचे फळ फार उशिरा दिसले. उलट १९८६ साली चार-चार जपानी कंपन्यांचे भागीदार हलके ट्रक घेऊन उतरले, तेव्हा टेल्कोने परदेशी मदतीशिवाय ४०७ काढला आणि तो टिकला, ही त्यांच्या टूल रूमची आणि शिकाऊ शाळेची परीक्षा होती. तीत ते उत्तीर्ण झाले.

घरची बाजू थोडक्यात सांगतो. पत्नी लीलाबाई मुळगावकर यांनी मुंबईत रक्तपेढ्यांचे आणि रक्तदानाचे मोठे काम उभे केले; त्यांना १९६३ साली पद्मश्री मिळाली. सुमंतराव १९८८ साली टेल्कोच्या अध्यक्षपदावरून उतरले, ती जागा रतन टाटांकडे गेली. पुढच्याच वर्षी, १ जुलै १९८९ रोजी ते वारले. त्याच वर्षी पुण्याचा कारखाना संपाने धुमसत होता. ज्या माणसाने माणसे घडवण्यात आयुष्य घातले, त्याच्या अखेरच्या वर्षात हे घडावे, याची रुखरुख वाटते.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले. नव्या ट्रकच्या इंजिनात संगणक बसला, डिझेलचे माप आता तो ठरवतो. हवा त्यामुळे नक्कीच स्वच्छ होते आणि आपल्या मुलांच्या छातीसाठी ते हवेच. जुन्या इंजिनाच्या प्रेमात पडून त्याचा धूर विसरता येत नाही. पण त्या नव्या इंजिनापुढे आमचे मिस्त्री नखाने पायरी चाचपू शकत नाहीत. त्यांच्या हाताखालचा पोरगा मोबाइलवर चूक-क्रमांक वाचायला शिकतो आहे. त्याला क्रँक दहावर की वीसवर हे कळत नाही, आणि मिस्त्रींना ते क्रमांक कळत नाहीत. दोघे एकमेकांना शिकवतात, कधी वैतागून, कधी हसून.

चौथ्या रविवारी टँकरचे इंजिन जागेवर बसले. टॅपेट लावून झाले, पाणी भरले, तेल भरले. पहिल्या दोन धक्क्यांत नुसता खोकला. तिसऱ्याला ते पेटले, थोडा पांढरा धूर आला आणि मग नाहीसा झाला. मिस्त्रींनी ब्रीदरच्या नळीच्या तोंडाशी तळवा धरला. रिंगांना चुकवून वायू खाली येत असेल तर तिथे उबदार फुंकर लागते. बराच वेळ तळवा तसाच होता. मग त्यांनी तो पुसला आणि पोराला म्हणून चहा सांगितला.