सर्पगंधेचे डॉक्टर आणि मनाचा तोल

रक्तदाबाची गोळी आज परभणीत काय किंवा जिंतूर, सेलू, गंगाखेडमध्ये काय, कोणत्याही औषध दुकानात मिळते. १९३०च्या दशकाच्या अखेरीस लंडनहून वैद्यकाचे शिक्षण घेऊन एक तरुण पारशी डॉक्टर मुंबईत परतले, तेव्हा चित्र वेगळे होते. वाढलेला रक्तदाब मोजता येत होता, पण तो भरवशाने उतरवणारे औषध हाताशी नव्हते. विश्रांती, कमी मीठ आणि गुंगीची औषधे यांवरच भिस्त होती. या डॉक्टरांचे नाव रुस्तम जाल वकील. रक्तदाबावरच्या एका देशी मुळीला त्यांनी जगाच्या वैद्यकात स्थान मिळवून दिले. पुढे तीच मुळी मनाच्या आजारांच्या इतिहासातही शिरली आणि एक धडा देऊन गेली. मनःस्थिती बदलणारे औषध देण्याआधी रुग्णाचा मागचा इतिहास विचारावा, हा तो धडा. नैराश्यावरच्या गोळ्या घेणाऱ्या प्रत्येकासाठी तो आजही महत्त्वाचा आहे.

वकील यांचा जन्म १९११ सालचा, मुंबईचा. शिक्षणानंतर केईएम रुग्णालयात आणि स्वतःच्या व्यवसायात त्यांनी हृदयविकार व रक्तदाबाच्या रुग्णांवर लक्ष केंद्रित केले. त्या काळात सर्पगंधेच्या मुळीची चर्चा वैद्यकीय वर्तुळात सुरू झाली होती. आयुर्वेदाला ही वनस्पती जुनी. सर्पदंश, ताप, निद्रानाश यांवर ती वापरली जाई आणि बिहारकडे वेडावरचे औषध म्हणून विकली जाई. १९३१ मध्ये कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी मानसिक आजार आणि वाढता रक्तदाब या दोन्हींवर तिचा उपयोग होतो, असे लिहिले. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी मुळीतील काही रासायनिक घटक वेगळे केले.

भारतातले अनेक डॉक्टर ही मुळी देत होते. वकील यांचे वेगळेपण असे की, गुण येतो एवढ्यावर त्यांनी समाधान मानले नाही. सुमारे दहा वर्षे त्यांनी हे औषध वापरले, रुग्णांचा रक्तदाब पुन्हा पुन्हा मोजला, काय घडते ते नोंदवले आणि १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये ५० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. परदेशी डॉक्टरांना तपासून पाहता येईल असा पुरावा त्यांच्यासमोर आला. अमेरिकेत बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी ही मुळी मागवून आपल्या रुग्णांना दिली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील शास्त्रज्ञांनी तिच्यातला मुख्य प्रभावी घटक वेगळा केला. त्याचे नाव रेसर्पिन.

या औषधाने रक्तदाब उतरत होताच, पण रुग्ण शांतही होत होते. न्यूयॉर्कजवळच्या एका मोठ्या मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी १९५४ मध्ये प्रक्षुब्ध मनोरुग्णांवर त्याचा परिणाम मांडला. ज्यांना आवरणे कठीण जात होते, असे अनेक रुग्ण निवळले. याच वर्षी दुसरी बाजूही पुढे आली. रक्तदाबासाठी दीर्घकाळ मोठ्या मात्रेत रेसर्पिन घेणाऱ्या काहींचे मन खचू लागल्याची नोंद अमेरिकेतील एडवर्ड फ्रीस यांनी केली. झोप उडणे, रडू येणे, कशातच रस न वाटणे अशी ही लक्षणे होती आणि काहींच्या मनात जीव देण्याचे विचारही येत.

एक गोळी मनाला खाली कशी ओढते, हा प्रश्न संशोधकांना पडला. रेसर्पिनमुळे मेंदूतील सेरोटोनिनचा आणि नॉरएड्रेनलिनचा साठा रिता होतो, असे १९५०च्या दशकातच दिसून आले. त्यातून नैराश्य म्हणजे या द्रव्यांची कमतरता, असा तर्क निघाला. आज हे गणित इतके सरळ मानले जात नाही. पण १९७१ मध्ये जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या गेल्या, तेव्हा एक गोष्ट ठळक झाली. ज्यांना आधी कधी तरी नैराश्य येऊन गेले होते, त्यांनाच या औषधाचा धोका जास्त होता. नैराश्याला रेसर्पिन खरोखर किती जबाबदार होते, याबद्दल अलीकडच्या अभ्यासकांनी शंका घेतली आहे. तरी औषध तेच असून परिणाम माणसागणिक वेगळा का होतो, याचे उत्तर पुष्कळदा त्या माणसाच्या मागच्या आयुष्यात असते, हे यातून कळले.

१९५७ मध्ये वकील यांना अमेरिकेचा प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार मिळाला. क्लाइन हेही त्या वर्षीच्या मानकऱ्यांत होते. त्याच वर्षी मनाला वर उचलणारी औषधे जगासमोर आली. क्षयरोगावरच्या इप्रोनियाझिडने नैराश्य कमी होते, हे क्लाइन यांनी मांडले, तर स्वित्झर्लंडच्या रोलांड कून यांनी इमिप्रामिनचा अनुभव सांगितला. इमिप्रामिन आधी स्किझोफ्रेनियासाठी देऊन पाहिले होते. तिथे त्याचा उपयोग झाला नाही. उलट काही रुग्ण भलतेच उत्तेजित झाले. नैराश्याच्या रुग्णांना मात्र त्याने उभारी दिली. म्हणजे उभारी प्रमाणाबाहेर जाऊ शकते, ही सूचना या औषधांच्या पहिल्याच प्रकरणात होती.

ही सूचना सर्वाधिक लागू पडते ती बायपोलर आजाराला. यात मनाची दोन टोके असतात. एका टोकाला नैराश्य, दुसऱ्या टोकाला उन्माद, म्हणजेच मेनिया. उन्मादात माणूस दोन-तीन तास झोपूनही ताजातवाना असतो, अखंड बोलतो, मोठमोठे बेत आखतो. उधळपट्टी, कर्ज, जमीन-जनावरांचे अविचारी व्यवहार, क्षुल्लक कारणावरून मारामारी असेही घडते. गावात याला कधी अंगात आले म्हणतात, कधी पैशाचा माज. आजार म्हणून त्याकडे पाहिले जात नाही. रुग्ण दवाखान्यात येतो तो बहुधा दुसऱ्या टोकावर, खचलेला असताना. डॉक्टरांना फक्त नैराश्य दिसते आणि नैराश्याची गोळी सुरू होते.

साध्या नैराश्यात या गोळ्या उपयोगी आहेत. त्यांनी असंख्य जीव वाचवले आहेत. त्यांना घाबरण्याचे कारण नाही. पण बायपोलर आजारात ही गोळी एकटीच दिली, तर काही रुग्णांचे मन नैराश्यातून थेट उन्मादात जाऊ शकते. इमिप्रामिन, अमिट्रिप्टिलिनसारखी जुनी औषधे आणि व्हेन्लाफॅक्सिन यांत हा धोका जास्त. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन यांसारख्या औषधांत कमी, पण शून्य नाही. अमिट्रिप्टिलिन अर्धशिशीसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठीही लिहून दिले जाते, हेही ध्यानात ठेवावे. स्वीडनमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात बायपोलर रुग्णांना फक्त नैराश्याची गोळी दिल्यावर उन्मादाचा धोका वाढलेला दिसला. सोबत मनःस्थिती स्थिर ठेवणारे औषध असताना सुरुवातीच्या महिन्यांत तो वाढला नाही.

असे मन स्थिर ठेवणारे सर्वांत जुने औषध म्हणजे लिथियम. ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी उन्मादावरचा त्याचा गुण प्रसिद्ध केला तोही १९४९ मध्येच, वकील यांचा लेख आला त्याच वर्षी. लिथियमचा रक्तदाबाच्या उपचारांशी जवळचा संबंध आहे. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांनी, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामकांनी आणि मीठ एकदम कमी केल्याने लिथियमचे रक्तातील प्रमाण धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. परभणीच्या एप्रिल-मेच्या उन्हात घाम गाळत शेतात काम करणाऱ्याला तर पाणी कमी पडले तरी हा धोका संभवतो. हात जास्त थरथरणे, उलट्या-जुलाब, तोल जाणे अशी लक्षणे दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. रक्ताची ठरलेली तपासणी चुकवू नये.

राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. परभणीहून चारही लांब. म्हणून इथल्या रुग्णाचे मन खचते, तेव्हा पहिली गोळी अनेकदा गावचे किंवा तालुक्याचे डॉक्टरच देतात. अशा वेळी काही प्रश्नांना मोल येते. पूर्वी कधी झोप न घेताही अंगात भलताच उत्साह संचारलेले दिवस आले होते का? आई-वडील, भावंडे, चुलते-मामा यांपैकी कुणाला असा आजार होता का? आधी नैराश्याची गोळी घेतल्यावर स्वभाव एकाएकी बदलला होता का? बाळंतपणानंतर असे काही झाले होते का? रुग्णाला स्वतःला त्या दिवसांत काही वावगे वाटलेले नसते. त्यामुळे याची उत्तरे घरच्यांकडून जास्त नेमकी मिळतात. डॉक्टरांनी विचारले नाही, तर घरच्यांनी आपणहून सांगावे.

गोळी सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे झोपेवर लक्ष ठेवावे. झोप कमी होऊनही थकवा न येणे ही बऱ्याचदा उन्मादाची पहिली खूण असते. असे दिसताच औषध देणाऱ्या डॉक्टरांशी बोलावे. मात्रा मनाने वाढवू किंवा कमी करू नये. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य कार्यक्रमांतर्गत मदत मिळते. जीव देण्याचे विचार बोलून दाखवणाऱ्याला एकटे सोडू नये. १४४१६ या क्रमांकावरची टेली-मानस सेवा चोवीस तास, विनामूल्य आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते.

डॉ. वकील यांना १९५८ मध्ये पद्मभूषण आणि १९६५ मध्ये भटनागर पारितोषिक मिळाले. १९७४ मध्ये त्यांचे निधन झाले. अधिक सोयीची औषधे आली आणि रेसर्पिन हळूहळू मागे पडले. आज ते क्वचितच दिले जाते. टिकून राहिली ती त्यांच्या कामाची रीत : औषध सुरू करण्याआधी रुग्ण नीट पाहायचा, नंतरही पाहत राहायचा आणि दोन्ही लिहून ठेवायचे. घरातल्या कुणाला नैराश्यासाठी दवाखान्यात नेताना जुन्या चिठ्ठ्यांची पिशवी सोबत घेतली, तर त्या रीतीचा अर्धा भाग घरच्यांनीच पूर्ण केलेला असतो.