कोळशापासून डीएनएपर्यंत : रोझलिंड फ्रँकलिन



पीळ दिलेल्या शिडीसारखे दिसणारे डीएनएचे चित्र तुम्ही जीवशास्त्राच्या पुस्तकात पाहिले असेल. ही शिडी नुसत्या डोळ्यांना दिसणे शक्यच नाही, कारण तिची रुंदी एका मिलिमीटरच्या पाच लाखाव्या भागाएवढी आहे. मग तिचा आकार माणसाला कळला कसा? या प्रश्नाचे उत्तर सांगताना जे नाव आदराने घ्यायलाच हवे, पण बरीच वर्षे पुरेसे घेतले गेले नाही, ते म्हणजे रोझलिंड फ्रँकलिन.

रोझलिंड यांचा जन्म २५ जुलै १९२० रोजी लंडनमधील एका सुखवस्तू ज्यू कुटुंबात झाला. वडील बँक-व्यवसायात होते आणि फावल्या वेळात कामगारांसाठीच्या कॉलेजात शिकवत. मुलींना भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र मन लावून शिकवणाऱ्या शाळा त्या काळी इंग्लंडमध्येही मोजक्याच होत्या. लंडनची सेंट पॉल्स ही मुलींची शाळा त्यांपैकी एक. रोझलिंड तेथे शिकल्या आणि १९३८ साली केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात दाखल झाल्या. १९४१ मध्ये त्यांचा अभ्यासक्रम पूर्ण झाला. केंब्रिज विद्यापीठ तेव्हा स्त्रियांना नावापुरतीच पदवी देई. पुरुषांच्या बरोबरीची पदवी स्त्रियांना मिळू लागली ती १९४८ पासून.

दुसरे महायुद्ध सुरू होते. १९४२ पासून रोझलिंड दगडी कोळशावर संशोधन करू लागल्या. कोळशात अतिशय बारीक छिद्रे असतात. त्यांत कोणत्या पदार्थाचे रेणू शिरू शकतात व कोणते शिरू शकत नाहीत, हे त्यांनी काटेकोरपणे मोजले. याच कामावर १९४५ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. १९४७ ते १९५० या काळात पॅरिसच्या एका सरकारी प्रयोगशाळेत त्या क्ष-किरणांचे तंत्र शिकल्या. पदार्थातील अणू-रेणू शिस्तीत मांडलेले असतील, तर त्यातून गेलेले क्ष-किरण ठरावीक दिशांना विखुरतात आणि फोटोच्या फिल्मवर ठिपक्यांची नक्षी उमटते. त्या नक्षीवरून, गणिताच्या आधारे, आतील रचना ओळखायची असते. कोणता कोळसा तापवल्यावर ग्राफाइट बनतो आणि कोणता बनत नाही, याचा उलगडा त्यांनी याच तंत्राने केला.

जानेवारी १९५१ मध्ये त्या लंडनच्या किंग्ज कॉलेजात आल्या आणि डीएनएचे काम त्यांच्याकडे सोपवण्यात आले. तेथे मॉरिस विल्किन्स हे शास्त्रज्ञ आधीपासून याच विषयावर काम करीत होते. कोणी कोणते काम करायचे, हे विभागप्रमुखांनी दोघांनाही स्पष्ट सांगितले नव्हते. त्यातून आलेला दुरावा अखेरपर्यंत मिटला नाही.

डीएनए कशाचा बनलेला आहे, हे तोवर माहीत झाले होते. त्यात एक शर्करा, फॉस्फेट आणि ॲडेनिन, थायमिन, ग्वानिन व सायटोसिन हे चार नायट्रोजनयुक्त घटक असतात. ॲडेनिन जेवढे तेवढेच थायमिन, आणि ग्वानिन जेवढे तेवढेच सायटोसिन, हे एर्विन शारगाफ यांनी दाखवले होते. पण या साऱ्यांची मांडणी कशी आहे, ते कोणालाच ठाऊक नव्हते.

येथे कोळशाच्या अभ्यासात मुरलेली नजर कामी आली. रोझलिंड आणि त्यांचे विद्यार्थी रेमंड गॉसलिंग यांनी डीएनएचा केसाहूनही बारीक धागा कॅमेऱ्यात बसवला आणि आतील हवेची आर्द्रता नेमकी नियंत्रित केली. तेव्हा डीएनएची दोन रूपे असल्याचे स्पष्ट झाले. कमी ओलाव्यात ते ‘ए’ रूपात असते. ओलावा वाढवला की धागा पाणी शोषून लांब होतो व ‘बी’ रूपात जातो. तोवर ही दोन्ही रूपे मिसळलेली असल्याने चित्रे अस्पष्ट येत. शिवाय पाणी इतक्या सहज आत-बाहेर होते, त्याअर्थी पाण्याची ओढ असलेले फॉस्फेट रेणूच्या बाहेरच्या बाजूला असले पाहिजे, असा निष्कर्ष रोझलिंड यांनी काढला. १९५१ च्या अखेरीस केंब्रिजच्या जेम्स वॉटसन व फ्रान्सिस क्रिक यांनी फॉस्फेट आतल्या बाजूला ठेवून तीन पेडांची प्रतिकृती बनवली. ती पाहताच रोझलिंड यांनी तिच्यातील चूक दाखवून दिली.

मे १९५२ मध्ये सुमारे ६२ तास क्ष-किरण सोडून ‘बी’ रूपाचे एक चित्र घेण्यात आले. ‘छायाचित्र क्रमांक ५१’ म्हणून ते प्रसिद्ध आहे. त्यावर ठळक फुलीचा आकार उमटला होता. अशी फुली म्हणजे पीळदार रचनेची खूण. दोन पायऱ्यांतील अंतर ३.४ अँगस्ट्रॉम आणि एका पूर्ण वेढ्याची उंची ३४ अँगस्ट्रॉम, म्हणजे एका वेढ्यात दहा पायऱ्या, हा हिशेब अशा चित्रांवरून मांडता आला. (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग.)

जानेवारी १९५३ मध्ये विल्किन्स यांनी हे चित्र वॉटसन यांना दाखवले. पुढे रोझलिंड यांची मोजमापे असलेला एक अहवालही केंब्रिजला क्रिक यांच्या हाती पडला. दोन पेड परस्परविरुद्ध दिशांनी जातात, हे क्रिक यांनी त्यातील आकड्यांवरून ताडले. यासाठी रोझलिंड यांची परवानगी कोणी घेतली नव्हती. ॲडेनिनसमोर थायमिन आणि ग्वानिनसमोर सायटोसिन अशा जोड्या जुळवण्याची कल्पना मात्र वॉटसन यांची, आणि तिचे मोल मोठे आहे. २५ एप्रिल १९५३ च्या ‘नेचर’मध्ये तीन लेख एकत्र छापले गेले. पहिला प्रतिकृतीचा, दुसरा विल्किन्स व सहकाऱ्यांचा आणि तिसरा फ्रँकलिन व गॉसलिंग यांचा. ज्या पुराव्यावर प्रतिकृती उभी होती, तो त्यामुळे केवळ तिला दुजोरा देणारा ठरला.

रोझलिंड तोवर लंडनच्याच बर्कबेक कॉलेजात गेल्या होत्या. तेथे त्यांनी तंबाखूच्या पानांवर रोग पाडणारा विषाणू हाती घेतला. त्यात डीएनए नसून आरएनए असते. आरएनएच्या शर्करेत ऑक्सिजनचा एक अणू जास्त असतो आणि थायमिनच्या जागी युरॅसिल असते. हा विषाणू म्हणजे प्रथिनांची पोकळ नळी असून आरएनएचा एकच पेड त्या प्रथिनांमध्ये रुतून पिळासारखा फिरत जातो, हे त्यांनी दाखवले. २०२० साली जगाला घरात बसवणाऱ्या करोना विषाणूतही आरएनएच होते, हे येथे आठवावे.

१९५६ साली त्यांना बीजांडकोशाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. शस्त्रक्रियेनंतर विश्रांतीसाठी त्या काही दिवस केंब्रिजला क्रिक दांपत्याकडे राहिल्या. मनात कडवटपणा असता, तर हे घडते ना. दुखणे अंगावर घेऊन त्या काम करीत राहिल्या. १६ एप्रिल १९५८ रोजी, वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

१९६२ चे नोबेल पारितोषिक वॉटसन, क्रिक व विल्किन्स यांना मिळाले. रोझलिंड तेव्हा हयात नव्हत्या. बर्कबेकमधील त्यांचे सहकारी ॲरन क्लुग यांनाही १९८२ साली नोबेल मिळाले. २०२३ साली जुन्या कागदपत्रांचा अभ्यास करणाऱ्या दोन संशोधकांनी रोझलिंड या चौघांमधील बरोबरीच्या भागीदार होत्या, असे मांडले.

त्यांची गोष्ट अनेकदा एका चोरलेल्या छायाचित्राची गोष्ट म्हणून सांगितली जाते. पण तेवढेच सांगितले, तर त्यांच्यावर पुन्हा एकदा अन्याय होतो. एका छायाचित्रामागे पाणी आणि आर्द्रता यांची सारी मोजमापे होती, आणि त्यांच्यामागे कोळशाच्या छिद्रांवर घालवलेली वर्षे होती. मित्रांनो, प्रयोगवहीत आकडा लिहिताना तो पुन्हा एकदा तपासा. आणि सोबत्याच्या वहीतून काही घेतले, तर त्याचे नाव लिहायला विसरू नका. विज्ञान या दोन्ही सवयींवर उभे असते.