दमलेला सेन्सर आणि जगदीशचंद्र बोस

पावसाळ्यात धाराशिव जिल्ह्यातला शेतकरी आभाळाकडे बघतो, तसाच आपल्या महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या आकड्याकडेही बघतो. 'महावेध' प्रकल्पाच्या या स्वयंचलित केंद्रात २४ तासांत ६५ मिलिमीटरचा आकडा ओलांडल्याची नोंद झाली, तर मंडळात अतिवृष्टी धरली जाते. नोंद ६०ची झाली, तर नाही. सोयाबीन पाण्यात गेलेल्या माणसाला त्या पाच मिलिमीटरांचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

असे केंद्र दोन कामे करते. पहिले काम जाणण्याचे. स्वयंचलित पर्जन्यमापकात साधारणपणे एक इवलेसे हेलकावणारे भांडे असते. ठरावीक पाणी साचले की ते कलंडते आणि प्रत्येक कलंडण्याबरोबर विजेचा एक ठोका उमटतो. दुसरे काम पाठवण्याचे. ठोक्यांची बेरीज सांकेतिक रूपात रेडिओलहरीवर चढते आणि मोबाइलच्या टॉवरमार्गे दूरच्या संगणकात जाऊन पडते. जाणणे आणि बिनतारी पाठवणे या दोन्ही गोष्टींवर सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी कोलकात्यात एकाच माणसाने काम केले होते. तो माणूस खरे तर डॉक्टर व्हायला निघाला होता.

जगदीशचंद्र बोस यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८चा, आता बांगलादेशात असलेल्या भागातला. १८८०मध्ये ते वैद्यक शिकायला लंडनला गेले. पण अंगात जुना ताप मुरलेला होता. तो काळा आजार असावा असे मानतात. शवविच्छेदनाच्या खोलीतल्या वासाने प्रकृती आणखी ढासळू लागली आणि त्यांना वैद्यक सोडावे लागले. मग केंब्रिज. तिथे लॉर्ड रॅले यांच्यासारखे गुरू मिळाले आणि वैद्यकाने गमावलेला विद्यार्थी भौतिकशास्त्राने ठेवून घेतला.

१८८५मध्ये ते कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवू लागले. त्याच कामाला युरोपीय प्राध्यापकाला जो पगार मिळे, तो भारतीयाला मिळत नसे. बोस यांनी भांडण केले नाही आणि नोकरीही सोडली नाही. तीन वर्षे त्यांनी शिकवणे चालू ठेवले, पगाराला मात्र हात लावला नाही. डोक्यावर वडिलांचे कर्ज होते, त्यातच अबला दास यांच्याशी लग्न झालेले. (अबलाबाईही मद्रासला वैद्यक शिकल्या होत्या, आणि त्यांचेही शिक्षण प्रकृतीमुळेच अर्धवट राहिले होते.) अखेर सरकार नमले, मागील थकबाकीसह पूर्ण पगार मिळाला आणि तो कर्ज फेडण्यात गेला.

संशोधनासाठी कॉलेजात त्यांच्या वाट्याला एक चिंचोळी खोली आली. मदतीला एक स्थानिक पत्राकाम करणारा कारागीर. हर्ट्झ यांनी विद्युत-चुंबकीय लहरी प्रयोगाने दाखवल्या होत्या, पण त्या लांबलचक होत्या. बोस यांनी त्या काही मिलिमीटरांपर्यंत आखूड केल्या, कारण आखूड लहरींची उपकरणे टेबलावर मावतात. लहरींचे ध्रुवीकरण तपासायला त्यांनी रेल्वेच्या वेळापत्रकाच्या पुस्तकात पानोपानी कथिलाचा वर्ख घातला. पिळलेल्या तागाच्या जुड्याही वापरल्या. आजच्या ५जी तंत्रात ज्या मिलिमीटर लहरींचा बोलबाला आहे, त्याच या.

लहर पाठवणे त्या मानाने सोपे, ती आल्याचे कळणे अवघड. तेव्हाचा सेन्सर म्हणजे काचेच्या नळीत भरलेला धातूचा कीस. लहर आली की कीस एकमेकांना धरतो, वीज वाहू लागते. पण पुढची लहर टिपण्याआधी नळीला टिचकी मारावी लागे, आणि बंगालच्या दमट हवेत हा कीस भरवशाचा राहीना. बोस यांनी किसाऐवजी पोलादी तारेच्या बारीक स्प्रिंगा एकमेकींना टेकवून ओळीने बसवल्या. दाब कमी-जास्त करून उपकरण हवे तेवढे संवेदनशील करता येऊ लागले.

१८९५मध्ये कोलकात्याच्या टाऊन हॉलमध्ये त्यांनी सुमारे ७५ फुटांवरून, भिंतींपलीकडची घंटा बिनतारी वाजवली आणि दारू उडवून दाखवली. वाटेत लेफ्टनंट गव्हर्नर बसले होते. लहरी त्यांच्या देहातून पार गेल्या, असे सांगतात. अंगातले पाणी अशा आखूड लहरी बऱ्याच शोषून घेते. त्या साहेबांना वळसा घालूनच गेल्या असणे अधिक संभवते.

१८९७मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये व्याख्यान झाले आणि बोस यांचे नाव झाले. पुढे एका तारयंत्र कंपनीच्या मालकाने पेटंटसाठी गळ घातली, ती त्यांनी धुडकावली. मैत्रीण सारा बुल यांच्या आग्रहाने गॅलिना खनिजाच्या सेन्सरचे अमेरिकी पेटंट घेतले गेले. ते १९०४मध्ये मंजूर झाले, पण बोस यांनी त्यापासून पैसा करण्याचा प्रयत्न केला नाही. मार्कोनी यांनी डिसेंबर १९०१मध्ये अटलांटिकपारचा संदेश टिपला, तेव्हाचा पाऱ्याचा सेन्सर बोस यांनी १८९९मध्ये जाहीर केलेल्या रचनेचाच होता, असे काही अभ्यासकांनी दाखवले आहे. तरीही मार्कोनींनी रेडिओ चोरला हे आपल्याकडे फिरणारे वाक्य टाकून द्यावे. समुद्र ओलांडायला लांब लहरी लागल्या, त्या मार्कोनींच्या होत्या. १९२७मध्ये इंग्लंडचे बिनतारी संदेश आपल्या दौंडच्या केंद्रात उतरू लागले, तेही मार्कोनींच्या पद्धतीने. बोस तेव्हा हयात होते, पण हे क्षेत्र त्यांनी केव्हाच मागे सोडले होते.

सोडले ते एका बारीक निरीक्षणामुळे. सतत लहरी टिपत राहिला की सेन्सरचा प्रतिसाद मंदावतो आणि विश्रांती दिली की पुन्हा सुधारतो, हे त्यांच्या ध्यानात आले. दुसऱ्याने नळी बदलली असती. बोस यांनी त्या थकव्याचा आलेख काढला आणि तो स्नायूच्या थकव्याच्या आलेखाशेजारी ठेवला. दोन्ही चकित करण्याइतके सारखे होते. मग कथील, वनस्पती, स्नायू या साऱ्यांवर उत्तेजना, विष, गुंगीची औषधे यांचे प्रयोग सुरू झाले.

१९०१मध्ये लंडनच्या शरीरशास्त्रज्ञांनी त्यांना अडवले. भौतिकशास्त्रज्ञाने आपल्या प्रांतात यावे, हे त्यांना रुचले नाही. रॉयल सोसायटीने निबंध छापायचा थांबवला. रजा वाढवून बोस विलायतेत राहिले. मित्र रवींद्रनाथ टागोर यांनी त्रिपुराच्या महाराजांकडून पैसे मिळवून दिले, भगिनी निवेदिता लिखाणाला मदत करत राहिल्या. पुढच्या वर्षी लिनियन सोसायटीने त्यांचे काम छापले. धातू आणि सजीव एकाच नियमाने वागतात, हा त्यांचा निष्कर्ष विज्ञानाने स्वीकारला नाही आणि ते योग्यच झाले. वनस्पतींमध्ये विद्युत-संदेश वाहतात हे मात्र टिकले. रोपाची वाढ १०,००० पट मोठी करून दाखवणारे त्यांचे क्रेस्कोग्राफ म्हणजे पिकाच्या अंगाला लावलेला सेन्सरच होता. १९१७मध्ये, वयाच्या ५९व्या वाढदिवशी, त्यांनी स्वतःची संस्था उघडली. १९२०मध्ये त्याच रॉयल सोसायटीने त्यांना फेलो केले. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीहला त्यांचे निधन झाले.

आजचे सेन्सर धातूच्या किसाचे नाहीत, पण चुकतात. पर्जन्यमापकाच्या तोंडात पालापाचोळा अडकला तर पाऊस कमी भरतो आणि नेटवर्क तो कमी आकडाही निमूटपणे पोचवते. थंडीने गारठलेल्या बोटावर ऑक्सिमीटर ८५ दाखवतो. सिस्टर बोट चोळून गरम करतात, पुन्हा लावतात, मग ९७ येतात. म्हणून वॉर्डात यंत्राआधी रुग्णाचा चेहरा बघायचा असतो, आणि हवामान केंद्राची ठरावीक काळाने साफसफाई व तपासणी व्हायला हवी असते. बोस यांची मूळ उपकरणे कोलकात्याच्या बोस इन्स्टिट्यूटच्या संग्रहालयात अजून बघायला मिळतात.