कै. फादर हेन्री हेरास व त्यांचें वस्तुसंग्रहालय

आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत लोणारचें दैत्यसूदनाचें देऊळ ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस कोरीव दगडाचें मोल निराळें सांगावयास नको. असल्या दगडांना बोलतें करण्यांत ज्या येशूसंघी धर्मगुरूंनीं आपलें अर्धें आयुष्य वेंचिलें, त्यांचें चरित्र वाचकांस थोडक्यांत निवेदन करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

फादर हेरास ह्यांचा जन्म स्पेन देशांत बार्सेलोना येथें ता. ११ सप्टेंबर १८८८ रोजीं झाला. १९२२ सालीं ते मुंबईस येऊन सेंट झेवियर्स कॉलेजांत दाखल झाले. कोणता इतिहास शिकविणार, असें विचारतां त्यांनीं हिंदुस्थानचा, असें उत्तर दिलें. त्या विषयाचें आपणांस कांहींच ज्ञान नाहीं, हेंही मोकळेपणें सांगितलें, आणि ते अभ्यासास बसले. परदेशांतून आलेल्या विद्वानास असा विनय क्वचितच सुचतो. १९२७ सालीं विजयनगरच्या आरवीडु घराण्यावरील त्यांचा ग्रंथ बाहेर पडला!

त्यापूर्वींच, १९२६ सालीं, त्यांनीं कॉलेजांत इतिहास-संशोधनाची संस्था स्थापिली होती. विद्यार्थ्यानें मूळ साधनें स्वतः हाताळावीं, हा त्यांचा आग्रह. म्हणून ग्रंथांच्या जोडीस नाणीं, पाषाणमूर्ति, हस्तिदंती ख्रिस्ती प्रतिमा जमत गेल्या व लहानसें वस्तुसंग्रहालय उभें राहिलें. धर्मगुरूनें परधर्मीयांच्या मूर्ति कां जमवाव्या, असें कोणी विचारील. आमच्या मतें, ज्या लोकांत प्रभूचें नांव घ्यावयाचें, त्यांचें मन जाणण्यास ह्याहून सरळ वाट नाहीं. गोव्याचे चित्रकार आंजेलो द फोन्सेका ह्यांस त्यांनीं देशी धर्तीवर ख्रिस्ती चित्रें काढण्यास उत्तेजन दिलें. पवित्र मरियेस लुगडें नेसविलेलें पाहून पुष्कळ भाविक रागावले, तें वेगळेंच.

पुढें मोहेंजोदडोच्या मुद्रांनीं त्यांस पछाडिलें. त्यांवरील भाषा द्राविडी असावी, असा त्यांचा सिद्धान्त. द्राविडी भाषांत मीन म्हणजे मासा आणि मीन म्हणजेच तारा. तेव्हां मुद्रेवरील माशाची खूण ताऱ्याची असूं शकेल, हें त्यांनीं दाखविलें. १९५३ सालीं ह्या विषयावर त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. त्यांचें वाचन विद्वानांस मान्य झालें नाहीं, व ती लिपि आजही निर्विवादपणें वाचितां आलेली नाहीं. परंतु माशाची ती कल्पना पुढें आस्को पार्पोला ह्यांनीं उचलून धरली.

ता. १४ डिसेंबर १९५५ रोजीं त्यांस देवाज्ञा झाली. संस्थेस त्यांचें नांव देण्यांत आलें, आणि १९८१ सालीं भारताच्या टपाल खात्यानें त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढिलें. मुंबईस जाणाऱ्या आमच्या तरुणांनीं सेंट झेवियर्समधील तें संग्रहालय अवश्य पाहावें.