नाशिकच्या पुलाला ज्यांचं नाव आहे, त्या गाडगेबाबांचा खराटा आणि गुरांच्या पोटातले जंत

पावसाळ्यात गोदावरीला पूर आला की नाशिककरांच्या मोबाईलवर दोन गोष्टी हमखास फिरतात. दुतोंड्या मारुती किती बुडाला आणि गाडगे महाराज पुलाला पाणी कुठवर आलं. पुलाचं नाव इतकं सवयीचं झालंय की त्यामागचा माणूस आठवत नाही. पण गुरांचे जंत माणसापर्यंत कसे पोचतात हे समजून घ्यायचं असेल, तर या माणसाचं आयुष्य बघायलाच हवं.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म 23 फेब्रुवारी 1876, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव, घर परटाचं. वडील दारूपायी लवकर गेले. आई सखुबाई पोराला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला आली. मामाकडे डेबूजीच्या वाट्याला गुरं आली. शाळा नाही, पण गुरं राखणं आणि शेती यात हा पोरगा तरबेज झाला.

1892 मध्ये कुंताबाईंशी लग्न झालं. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण आणि दारू हवी होती. डेबूजींनी गोडाचं जेवण घातलं. पाहुणे नाराज झाले, ते बधले नाहीत. 1 फेब्रुवारी 1905 ला त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि एक मातीचं गाडगं. त्यातच खायचं, त्यातच प्यायचं आणि ऊन लागलं तर तेच डोक्यावर. लोक गाडगेबाबा म्हणू लागले.

गावात शिरले की आधी झाडलोट. रस्ते, उकिरडे, गटारं. रात्री कीर्तन, तेही वऱ्हाडी बोलीत, समोरच्यालाच प्रश्न विचारत.

आता जंतांकडे येऊ. गुरांच्या पोटात असंख्य प्रकारचे जंत असतात आणि त्यातले बहुतेक गुरांपुरतेच राहतात. काही मात्र माणसाला सोडत नाहीत. गोमांसातून येणारा पट्टकृमी घ्या. हा कित्येक मीटर लांब वाढतो, पण पूर्ण वाढलेला किडा फक्त माणसाच्या आतड्यात राहतो. त्याची अंडी माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात. माणूस उघड्यावर बसला की ती कुरणात आणि पाण्यात जातात, गुरं चरताना गिळतात, त्यांच्या मांसात बारीक फोड तयार होतात. ते मांस नीट न शिजवता खाल्लं की पुन्हा माणूस. म्हणजे इथं दोष गाईचा नाही. गाईला रोग आपणच देतो!

दुसरा प्रकार जास्त वाईट. हायडॅटिडचा किडा कुत्र्याच्या आतड्यात राहतो, लांबी जेमतेम काही मिलिमीटर. कुत्र्याच्या विष्ठेतली अंडी गाय, म्हैस, शेळी, मेंढी गिळते आणि तिच्या यकृतात, फुप्फुसात पाण्याच्या गाठी होतात. जनावर कापल्यावर ते अवयव उघड्यावर टाकले की कुत्री खातात आणि चक्र पुन्हा सुरू. अंडी लागलेला हात किंवा न धुतलेली भाजी तोंडात गेली की त्याच गाठी माणसाच्या यकृतात होतात. वर्षानुवर्षं त्या गुपचूप वाढतात. बऱ्याचदा ऑपरेशनच करावं लागतं.

हे वाचून एखादी जत्रा डोळ्यांसमोर आणा. नवसाची बकरी, कुठं कुठं रेडा, आणि मागे राहिलेल्या आतड्यांवर तुटून पडलेली गावची कुत्री. बाबा आयुष्यभर या पशुबळीविरुद्ध कीर्तनातून बोलत राहिले. त्यांची कारणं वेगळी होती, हे सांगायलाच हवं. मुक्या जिवाची दया, आणि नवसासाठी सावकाराचं कर्ज काढणाऱ्या गरिबाची काळजी. जंतांची अंडी त्यांच्या हिशेबात नव्हती. त्यांना शास्त्रज्ञ ठरवण्याचा हल्लीचा उत्साह उगाच आहे. तरीही घाण उचला आणि जत्रेत जनावर कापू नका, या त्यांच्या दोन आग्रहांनी वरच्या दोन्ही साखळ्या कमकुवत होतात, हे खरंच.

मूर्तिजापूरला त्यांनी गोरक्षण संस्था उभी केली. पंढरपूर, देहू, आळंदी आणि नाशिकला धर्मशाळा बांधल्या. नाशिकचं महत्त्व वेगळं. बारा वर्षांनी सिंहस्थ, एरवीही गोदाकाठी यात्रेकरूंची रीघ. गरीब माणूस नदीकाठी उघड्यावर झोपायचा, तिथंच खायचा, तिथंच बसायचा. अशा माणसाला डोक्यावर छप्पर मिळावं म्हणून लोकांकडून पैसा आला, इमारती झाल्या. बाबांनी मात्र त्यातली एक खोलीही स्वतःच्या कुटुंबाला दिली नाही.

आज गोठ्यातल्या माणसासाठी यादी छोटी आहे. वासरांना पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जंतांचं औषध, पाळीव कुत्र्यालाही तेच, शेण काढल्यावर साबणाने हात. हगवण लागलेल्या वासराजवळ लहान मुलांना नेऊ नये. त्या हगवणीतले क्रिप्टोस्पोरिडियमसारखे परजीवी पाण्यात मिसळतात आणि क्लोरीनलाही सहज दाद देत नाहीत. पाणी उकळलं की मरतात.

20 डिसेंबर 1956 ला अमरावतीकडे जाताना, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर बाबांनी प्राण सोडला. 2000 साली महाराष्ट्र सरकारने ग्रामस्वच्छतेची स्पर्धा सुरू केली, तिला नाव दिलं ते त्यांचंच.