नाव नोंदवायला गेली आणि घर गेलं!

मैत्रिणींनो, मतदानाच्या दिवशी आपण सकाळची कामं उरकतो, रांगेत उभ्या राहतो, बोटाला शाई लावून घेतो आणि घरी येऊन पुन्हा स्वयंपाकाला लागतो. कधी कधी तर आपल्या एका मतानं काय फरक पडणार, असं म्हणून घरीच बसतो. पण आपल्यालाही मत देता येतं, हे जिला वयाच्या ४४व्या वर्षी पहिल्यांदा कळलं, अशा एका बाईची गोष्ट आज सांगायची आहे. तिचं नाव फॅनी लू हेमर.

फॅनीचा जन्म ६ ऑक्टोबर १९१७चा, अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या मिसिसिपी राज्यातला. वीस भावंडांत ती शेंडेफळ. आई-वडील गोऱ्या जमीनमालकाच्या शेतात वाट्यानं कापूस पिकवायचे. गुलामगिरी कायद्यानं जाऊन पन्नास वर्षं उलटली होती, पण बी-बियाणं, किराणा सगळं मालकाकडूनच उधारीवर. वर्षाअखेरीस हिशेब व्हायचा तेव्हा हातात काही उरायचं नाही. फॅनी सहा वर्षांची असल्यापासून कापूस वेचायला लागली. बोंडाची वाळलेली टोकं बोटांना कशी रक्त काढतात, हे ज्यांनी कापूस वेचलाय त्यांना वेगळं सांगायला नको. त्यात लहानपणी पोलिओ झाल्यानं ती लंगडत चालायची.

एकदा वडिलांनी पै-पै जमवून खेचरं घेतली. आता तरी चार पैसे सुटतील, अशी आशा होती. पण कुणा गोऱ्या माणसानं खेचरांच्या चाऱ्यात विष कालवलं. सगळी जनावरं मेली आणि घर पुन्हा कर्जात बुडालं. फॅनीची शाळा बाराव्या-तेराव्या वर्षीच सुटली. आई मात्र खमकी! अंगावरच्या कपड्यांना ठिगळावर ठिगळ असायचं, पण लेकीला तिनं मुद्दाम काळ्या रंगाची बाहुली आणून दिली. आपल्या रंगाची लाज वाटून घ्यायची नाही, हे मुलीच्या मनावर तिनं असं बिंबवलं.

पुढे पेरी हेमरशी लग्न झालं. रूलव्हिल गावाजवळच्या एका मोठ्या मळ्यावर नवरा-बायको राबायची. लिहिता-वाचता येत असल्यानं मजुरांच्या हजेरीची आणि कापसाच्या वजनाची नोंद ठेवायचं काम फॅनीकडे आलं. स्वतःचं मूल व्हावं, ही तिची मोठी इच्छा. पण १९६१ साली गर्भाशयातली गाठ काढायला ती दवाखान्यात गेली आणि डॉक्टरांनी तिला न विचारता, न सांगता गर्भाशयच काढून टाकलं. तिथल्या गरीब काळ्या बायकांच्या बाबतीत असं सर्रास व्हायचं. दाद कुणाकडे मागणार? फॅनी आणि पेरीनं दोन मुलींना आपलं म्हणून वाढवलं.

ऑगस्ट १९६२. गावातल्या चर्चमध्ये एक सभा होती. शहरातून आलेली तरुण पोरं सांगत होती, की काळ्या माणसांनाही मताचा हक्क आहे. कागदावर तो पुरुषांना १८७०मध्ये आणि बायकांना १९२०मध्ये मिळालेला होता! पण मिसिसिपीत मतदार यादीत नाव घालायचं तर परीक्षा द्यावी लागे. राज्यघटनेतला एखादा किचकट परिच्छेद पुढे ठेवून त्याचा अर्थ लिहायला सांगत. पास-नापास ठरवणारा अधिकारी गोरा, त्यामुळे निकाल आधीच ठरलेला असायचा.

फॅनीनं लगेच हात वर केला. ३१ ऑगस्टला अठराजण बसनं इंडियानोलाला गेले. ती नापास झाली. येताना पोलिसांनी बस अडवली. बसचा पिवळा रंग शाळेच्या गाडीसारखा दिसतो, असं म्हणून दंड ठोठावला! बसमधली माणसं घाबरून गेली. तेव्हा फॅनी भजनं गाऊ लागली आणि हळूहळू सगळ्यांनी सूर धरला.

घरी पोचते तर मालक दारात. अर्ज मागे घे, नाहीतर मळा सोड. तिनं त्याला शांतपणे ऐकवलं, की नाव नोंदवायला मी तुमच्यासाठी गेले नव्हते, माझ्यासाठी गेले होते. अठरा वर्षांचं बिऱ्हाड त्याच रात्री सुटलं. काही दिवसांनी ती राहत होती त्या घरावर गोळ्या झाडल्या गेल्या. नंतर घेतलेल्या भाड्याच्या घरात नळसुद्धा नव्हता, तरी नऊ हजार डॉलरची पाणीपट्टी आली! फॅनी पुन्हा परीक्षेला बसली आणि जानेवारी १९६३मध्ये पास झाली.

पण खरी परीक्षा पुढे होती. जून १९६३मध्ये एका प्रशिक्षणाहून परतताना विनोना गावी पोलिसांनी तिला आणि सोबतच्यांना अटक केली. कोठडीत पोलिसांनी दोन काळ्या कैद्यांच्या हातात दंडुका देऊन त्यांच्याकडून तिला मारायला लावलं. मूत्रपिंड आणि डोळा कायमचा दुखावला. खटला चालला, ज्यूरीतले सगळे गोरे, पोलीस निर्दोष सुटले.

एखादी गप्प घरी बसली असती. फॅनीनं काय केलं? ऑगस्ट १९६४मध्ये अटलांटिक सिटीला डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन होतं. मिसिसिपीचे प्रतिनिधी सगळे गोरेच. म्हणून तिनं आणि सोबत्यांनी स्वतःचा पक्ष काढला आणि साठाहून जास्त प्रतिनिधी घेऊन तिथं धडक दिली. समितीपुढं, टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर तिनं आपली कहाणी सांगितली. अध्यक्ष जॉन्सन इतके धास्तावले, की त्यांनी घाईघाईनं पत्रकारांना बोलावलं आणि वाहिन्यांचे कॅमेरे तिच्यावरून हटले. पण रात्रीच्या बातम्यांत तिची साक्ष दाखवली गेली आणि ती देशानं ऐकली.

मग तडजोड पुढे आली, दोन जागा घ्या आणि गप्प बसा. मोठमोठे नेतेही घ्या म्हणाले. अडाणी बाईला राजकारण काय कळतं, असाही सूर निघाला. फॅनीनं साफ नकार दिला. दोन खुर्च्यांसाठी आम्ही एवढे हाल सोसले नाहीत, हे तिचं म्हणणं. पुढच्याच वर्षी, १९६५ला मताधिकाराचा कायदा झाला आणि त्या परीक्षांचा खेळ संपत आला. १९६८च्या अधिवेशनात तीच फॅनी मिसिसिपीची अधिकृत प्रतिनिधी म्हणून बसली, तेव्हा लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

पण टाळ्यांनी पोट भरत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. १९६७मध्ये तिची मोठी मुलगी आजारी पडली, वेळेवर उपचार मिळाले नाहीत आणि ती गेली. तिच्या दोन लहान मुलींनाही फॅनीनंच पदराखाली घेतलं. ज्याची चूल मालकाच्या हातात, त्याचं मतही मालकाच्याच हातात, हे तिनं स्वतः भोगलं होतं. म्हणून १९६९मध्ये चाळीस एकरांवर तिनं सहकारी शेती सुरू केली. भाजीपाला पिकवून गरजूंना दिला. डुकरांची बँकही काढली! गरीब कुटुंबानं गाभण डुकरीण न्यायची आणि होणाऱ्या पिलांवर आपला संसार सावरायचा. पैशाअभावी काही वर्षांत ही शेती मोडली, पण तोवर कितीतरी घरांत दोन वेळचं अन्न गेलं होतं. १९७१मध्ये राजकारणात बायका याव्यात म्हणून देशपातळीवर संघटना निघाली, तिच्या संस्थापकांतही फॅनी होती.

१४ मार्च १९७७ रोजी कॅन्सरनं ती गेली. वय अवघं ५९ आणि घरची गरिबी तशीच. जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेनं तिला मरणोत्तर सर्वोच्च नागरी सन्मान दिला. फार उशिरा, पण दिला.

मैत्रिणींनो, सहावी-सातवीपर्यंत शिकलेली, लंगडत चालणारी, कापूस वेचणारी ही बाई. आपल्याला काय कळतं, असं म्हणून ती मागे बसली असती तर तिला कुणी नावं ठेवली नसती. पण ती उठली. पुढच्या वेळी मतदार यादीत आपलं नाव शोधताना तिची आठवण ठेवू या. आणि शेजारणीचं नाव नसेल, तर तिला सोबत घेऊन जाऊ या.